तळ्याच्या गोष्टीचा हुंकार

नव्या पोह्यांचा वास आला की माझ्यातला सोंगाड्या जागा होतो. परवा पोशीर गावात मी पोरांना तळ्याची गोष्ट सांगितली. तळ्याला पाणी लागेना, म्हणून भावांनी बहीण तळ्याला दिली आणि ती चक्क सुसरीवर बसून, बांगड्या वाजवत वर आली! सुसर मीच झालो. पोरं हसून लोळली.

गोष्ट मूळची माझ्या आत्याची. दहिवलीला आमच्या ओटीवर पोहे कांडताना ती सांगायची. आमच्याकडे ऐकणाऱ्याने हुंकार दिला तरच गोष्ट पुढे सरकते. एके दिवशी हुंकार माझे वडील देत होते. सासरच्या माराला कंटाळून आत्या माहेरी आली होती आणि वडील तिला खालापूरला परत धाडणार होते.

"मंग भावांनीच तिला पाण्यात ढकलली," आत्या म्हणाली. "तळं भरलं. बहीन काय वर आली नाय."

हुंकार आला नाही.

"दादा, निजलास का रं?" ती हसली. "हुंकार दे की. गोष्ट अडलीय माझी."

वडील उठले आणि गाडीला बैल जुंपायला गेले.

आत्या पुन्हा कधी आली नाही. सुसर आणि बांगड्या मी मागाहून घातल्या. पण घरी परतताना वाटेत एकटाच असलो की मी गोष्ट तिच्यासारखी सांगतो, आणि ढकलण्यापाशी थांबून राहतो.