चौदा भाज्या

आषाढात माझे यजमान गेले. कंपनीत, पाळीवर असतानाच छातीत कळ आली. दिवाळी आली तेव्हा चार महिने होत होते. कोपरगावहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला, "यंदा आपल्याला सण न्हाई. कंदील लावू नको, कढई ठिवू नको. कुणी फराळ दिला तर खा." मी "व्हय" म्हटलं. वाईट वाटलं नाही. तेव्हा काहीच वाटत नव्हतं. भांडी घासायची, टीव्ही लावायचा, बंद करायचा.

नरकचतुर्दशीला पहाटे आमच्या केडगावात फटाके सुरू झाले. मी उठले नाही. आमच्याकडे त्या दिवशी उटणं, तेल, सूर्य उगवायच्या आत अंघोळ. मी नऊला नेहमीसारखी अंघोळ केली.

वरच्या मजल्यावर एक बंगाली बाई राहायची. तिचा नवरा यांच्याच कंपनीत होता. ती पिशवी घेऊन दारात आली. तिच्या गावाकडे या दिवशी दुपारी चौदा पालेभाज्या एकत्र करून खातात आणि संध्याकाळी गेलेल्या पूर्वजांसाठी चौदा दिवे लावतात, असं तिनं मोडक्या मराठीत सांगितलं.

"दीदी, बाजारात सगळा फिरला. नऊच मिळाला. इथला भाजी मला कळत नाय."

मी पिशवीत पाहिलं. मेथी, पालक, शेपू, चुका, लाल माठ, अंबाडी, राजगिरा, मुळ्याचा पाला, अळू. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. उरलेल्या पाच कुठे शोधायच्या, हे मला माहीत होतं. चप्पल घातली. चार महिन्यांत मी प्रथमच कामाशिवाय घराबाहेर पडत होते, पण हे नंतर लक्षात आलं.

मागच्या पडीक प्लॉटवर तांदुळजा आणि घोळ मिळाली. कोपऱ्यावरच्या म्हातारीकडे चाकवत होता. शेवग्याचा पाला एका कुंपणावरून तोडला. चौदावी काही सापडेना.

"कोथिंबीर चालते का गं?"

ती हसली. "चालवू."

तिच्या ओट्याशी बसून मी सगळं निवडलं. तिनं मोहरीच्या तेलात भाजी परतली, भात वाढला. भाजी कडसर होती. मी दोनदा घेतली.

संध्याकाळी ती जिन्यावर दिवे ठेवत खाली आली. माझ्या दारापाशी थांबली. "एक इथे ठेवू? दादासाठी? आमच्यात, गेलेल्यांना वाट दिसते."

जाऊबाईंनी कंदिलाचं सांगितलं होतं, दिव्याचं नाही. मी म्हटलं, "ठेव."

आमच्याकडे धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमाचा दिवा ठेवतात, घरावर अकाली मरण येऊ नये म्हणून. गेल्या वर्षी मी ठेवला होता. हे मी तिला सांगितलं. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली.

दिवा बराच वेळ जळत होता. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तेल संपत आलं तेव्हा मी आतून बाटली आणली आणि थोडं ओतलं.