चेटकिणीकडचं विरजण

मंडळी, गोष्टीतली चेटकीण दुष्ट असते म्हणून एकटी राहते, की एकटी राहून दुष्ट होते? मला खरंच सांगता येत नाही.

आज दुपारी माझी नवी गोष्ट आईला वाचून दाखवली. घरातली पहिली पदवीधर मी, बाकी कुणाला वाचायची सवय नाही, त्यामुळे लिहिलेलं ऐकायला आईच. साताऱ्याहून ऐरोलीच्या या फ्लॅटमध्ये येऊन तिला वर्ष झालं.

गोष्टीच्या शेवटी राजकन्या रानात एकट्या राहणाऱ्या चेटकिणीला मारते. आई हसली. "तिच्या दारात कुणी येत नाय, म्हणून ती चेटकीण व्हय? मग मी कोण गं?"

मी शेवट बदलला. राजकन्या आता तिच्याकडे विरजण मागायला जाते.

आणि हे ब्लॉगवर टाकायला सायबर कॅफेत येण्याआधी, घरात दही असूनही, आईला सोबत घेऊन समोरच्या फ्लॅटचं दार वाजवलं आणि विरजण मागितलं.