टाकीवरचा नागनाथ

आमच्या गल्लीत एक गोष्ट घडली की तिच्यामागं दुसरी लागते, शेळीमागं करडं लागावीत तशी. शेजारच्या बालाजीची मोटारसायकल सर्व्हिसिंगला काय गेली, माझ्या दारात किस्से साचून राहिलेत. झाडून झाडून थकले, म्हणून लिहून काढते.

गाडी बालाजीची म्हणायची, पण खरी त्याच्या बायकोची. सुनंदानं आपल्या शेळ्या विकून घेतलेली. चावी हातात देतानाच तिनं बजावलं होतं, "ही वसमतच्या बाजाराला न् रानात जायला. दोस्तांसंगं सिद्धेश्वरच्या धरणावर मासे खायला न्हाई."

बालाजी म्हणाला, "व्हय." लग्नापासून तो बायकोपुढं एवढंच बोलतो.

*

सर्व्हिसिंगहून गाडी आली तर टाकीवर नागनाथाच्या पिंडीचं हे मोठं स्टिकर. "शोरूमवाल्यांनी फ्री दिलं," बालाजी खुशीत. सुनंदानं कुंकू लावलं. मीही लावायला गेले. नवं काही दिसलं की हात लावून बघायची आपली सवय. तर बोट आत गेलं.

"सुनंदा, देवाखाली खड्डा हाय गं."

*

शोरूमला आमी तिघं गेलो. मॅनेजर म्हणाला, "खड्डा आधीपासून असेल."

"मग त्यावर देव काहून बसवला?" मी विचारलं.

"आम्ही सगळ्याच गाड्यांना लावतो."

अंगणात गाड्यांची रांग उभी, एकीवरही देव न्हाई. "स्टॉक संपला," मॅनेजर म्हणाला.

निघताना एक मेकॅनिक हळूच म्हणाला, "मावशी, गाडी पडली न्हाई. नुसती झोपली व्हती."

*

मग हेलपाटे. एकदा साहेब मिटिंगला, एकदा जेवायला, एकदा नांदेडला. सोफ्यावर बसून बसून तिथला पंखासुद्धा ओळखीचा झाला. चहा मात्र दर खेपेला यायचा. सुनंदा म्हणाली, "मावशी, इथं पित्त मिळंल, टाकी न्हाई."

गाडीपायी विकलेल्या तिन्ही शेळ्यांना नावानं हाका मारणारी बाई ती. गाडी पुसताना त्या खड्ड्याजवळ आली की तिचा हात थांबायचा.

*

गल्लीत सल्ले देणारे कमी न्हाईत. सगळे म्हणायचे, "आधी स्टिकर काढा, खड्डा दाखवा." पण देव उपटायला कुणी हात पुढं करीना. शोरूमवाल्यांनी बराबर ओळखलं होतं आमाला.

समोरच्या मामांनी तुंबलेली मोरी मोकळी करायचा रबरी पंप आणला. म्हणे, वरूनच खड्डा ओढून काढतो.

सुनंदाची सासू उठून उभी राहिली. "मोरीचा पंप देवाला लावता व्हय? आधी स्वतःच्या डोक्याला लावून बघा."

मामा पंप घेऊन गेले. अजून आमच्या गल्लीतून मान खाली घालून जातात.

*

शेवटी सुनंदानंच एका सकाळी न्हाऊन, हात जोडून, कोमट पाण्यानं स्टिकर सोडवलं. एका ताटात ठेवलं, वर बेलाचं पान वाहिलं आणि ते ताट नेऊन शोरूमच्या काउंटरवर ठेवलं.

"साहेब, देव तुमचाच हाय. यावर हात ठेवून म्हणा, खड्डा आमच्या घरून आला."

मॅनेजरचा हात वर आला आणि तिथंच राहिला. बराच वेळ राहिला. सोफ्यावरची गिऱ्हाइकंही उठून बघायला लागली. मग त्यानं तोच हात मागं फिरवून खूण केली, "यांची टाकी मागवा रे."

नवी टाकी बसली. ताट आमी तिथंच सोडलं. बसलेला देव उचलून आणायचा कसा?

*

परवा पुन्हा सर्व्हिसिंग आली. सुनंदा म्हणाली, "मीबी येते." मग मीही निघाले, मला घरी बसवतं होय?

ताट अजून काउंटरवरच होतं. वर ताजं बेलाचं पान. बालाजीनं चावी दिली तसं मॅनेजरनं ताट पुढं सरकवलं.

"आता आमचा नियमच आहे. गाडीला आधी कुठं काही लागलंय का, ते यावर हात ठेवून सांगायचं."

बालाजीचा हात वर आला आणि तिथंच राहिला.

"ठेवा की," सुनंदा म्हणाली. "काहून थांबलात?"

बालाजीनं देवाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

"सायलेन्सरला," तो म्हणाला. "थोडंसं. सिद्धेश्वरच्या उतारावर."