मनाई हुकूम आणि शेजारची खोली

पुस्तकबांधणी करणाऱ्या ताई खटला जिंकल्या, असं सगळी गल्ली समजत होती. दोन दिवस ताईही तसंच समजत होत्या.

त्यांचं दुकान म्हणजे एक खोली. तिच्यात कटिंग मशीन, खळीचं पातेलं, पुठ्ठ्यांची चळत, आणि उरलेल्या जागेत अंग चोरून ताई. शेजारची खोली निवृत्त घड्याळजींची. ती ताईंना विकायचं त्यांनी ठरवलं, रीतसर साठेखत झालं, मधली भिंत पाडायला ताईंनी गवंडीही सांगून ठेवला. मग घड्याळजींना दुसरं गिऱ्हाईक भेटलं आणि त्यांचा फोन लागेनासा झाला.

ताई कोर्टात गेल्या. दाव्याचा निकाल लागेपर्यंत घड्याळजींनी खोली कुणालाही विकू नये, असा तात्पुरता मनाई हुकूम मिळाला.

"मग ताबा कधी?" त्यांनी वकीलबाईंना विचारलं.

"ताब्याचं नाव काढू नका. ते विकू शकत नाहीत, एवढंच. खोली तुमची की नाही, ते दाव्यात ठरेल."

"आणि दावा कधी संपेल?"

वकीलबाईंनी फाइल मिटली.

त्याला तीन वर्षं झाली. कधी न्यायाधीश रजेवर, कधी समोरचे वकील आजारी. मध्येच बंद खोलीतला नळ गळायला लागला. भिंतीतून ओल आली आणि ग्रंथालयाची चाळीस पुस्तकं फुगून बसली. ताईंनी घड्याळजींना निरोप धाडला. उत्तर आलं, "जागा तुम्हीच अडवलीत, आता सोसा."

पुढच्या तारखेला दोघं कोर्टाच्या एकाच बाकावर. घड्याळजी गुडघे चोळत होते.

"तुमच्यापायी मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर अडकलोय," ते म्हणाले. "खोली विकून तळमजल्यावर घर घेणार होतो."

"मग मला विकायची होती. शब्द कुणी फिरवला?"

"मीच," ते म्हणाले. "पण आता तुम्हाला द्यायचं म्हटलं, तर मुलगा ऐकत नाही."

ताईंना भांडायलाही धड माणूस उरला नव्हता.

तेवढ्यात पुकारा झाला. पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी प्लंबरला घेऊन आले. नळ दुरुस्त झाला. ताईंनी उंबऱ्याबाहेरूनच आत डोकावून पाहिलं. मोकळी, ऐसपैस, उजेडाची खोली. घड्याळजींनी दार ओढून कुलूप लावलं, आणि ताई ओली पुस्तकं उलगडून पंख्याखाली मांडायला लागल्या.