खर्च वजा जाता

काउंटरवर कप ठेवायचा, मधल्या बोटाच्या नखाने त्यावर दोनदा वाजवायचं आणि म्हणायचं, "काकू, भाव सांगा." आमचं वर्ध्यात कप आणि शिल्डचं दुकान. घ्यायला गावभरचे लोक येतात, विकायला येणारा हा एकटाच.

बुद्धिबळाच्या स्पर्धांत जिंकलेले कप असायचे. मी ते अर्ध्या किमतीत घ्यायची, नावाची पट्टी उपटायची आणि पुसून परत फळीवर ठेवायची. एक कप तर त्याने अकोल्यात जिंकून मला विकला, मी तो यवतमाळच्या मंडळाला विकला, आणि काही महिन्यांनी हा तोच कप पुन्हा जिंकून माझ्यासमोर उभा. वर म्हणतो, "याचा एक कान वाकडा झाला काकू, थोडे कमी द्या." आता अशा माणसाशी घासाघीस तरी कशी करायची? मी चहा मागवला.

पुलगावचा होता. वडील मिलमध्ये कामाला. बी.कॉम. झाल्यावर याने नोकरी शोधली नाही, बुद्धिबळ खेळून जगायचं ठरवलं. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा पेपरात परदेशातल्या मोठमोठ्या बक्षिसांच्या बातम्या यायच्या, त्यामुळे जो तो त्याला विचारायचा, "काऊन गा, बुद्धिबळात पैसा किती भेटते?"

"खर्च वजा जाता सांगू, का तसाच सांगू?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

लोकांना 'तसाच' ऐकायचा असे. मग तो बक्षिसाचा आकडा सांगे, समोरच्याचे डोळे मोठे होत. त्यानंतर हा शांतपणे एकेक वजा करत जाई. प्रवेश फी, गाडीचं तिकीट, चार दिवसांचं जेवण, आणि पहिला नंबर न आलेल्या सगळ्या स्पर्धा. मुक्काम बहुधा शाळेच्या वर्गात, बाकं जोडून. शेवटी जे उरे ते ऐकून विचारणारा खिसा चाचपत निघून जाई.

"मंग पैसा कमावते कोण?" मी एकदा वैतागून विचारलं.

"नोकरीवाले, काकू. रेल्वे, विमा, तेलाच्या कंपन्या. खेळाडू म्हणून भरती करतात. खेळायले सुट्टी, आन् पगार पहिल्या तारखेले. बाकी आम्ही ड्रॉवर जगतो."

हे ड्रॉचं तुम्हाला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. शेवटच्या फेरीत जिंकलं तर मोठं बक्षीस, हरलं तर हात हलवत घरी. मधला रस्ता म्हणजे डाव बरोबरीत सोडायचा आणि बक्षीस वाटून घ्यायचं. एकाने "ड्रॉ?" म्हणून हात पुढे करायचा, दुसऱ्याने तो मिळवायचा. पोटासाठी खेळणारे सगळे हेच करत. याने तर वर्षानुवर्षे शेवटची फेरी अशीच उरकली होती. "परतीचं तिकीट पक्कं होते," म्हणायचा.

मला हा माणूस आवडायचा. म्हणूनच माझ्या भाचीसाठी मी त्याचं स्थळ काढलं. आंजीला माझा मोठा भाऊ शेती करतो, त्याची मुलगी संध्या. पाहण्याचा कार्यक्रम माझ्याच घरी झाला. दादाने कमाई विचारली, याने तिथेही खर्च वजा जाता सांगितली. मी कपाळाला हात लावला.

संध्याने मात्र वेगळंच विचारलं. "हरून घरी आल्यावर जेवता का?"

"जेवतो. अन्नावर राग काढणं आपल्याले परवडत नाई."

ती हसली. पोरीला तो पसंत पडला, हे मला तेव्हाच कळलं. त्याचंही काही वेगळं नव्हतं. त्यानंतर कप विकायला आला की इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारायचा, "आंजीले सगळे बरे आहेत नं?"

दादाने नाही म्हटलं नाही. "पक्की नोकरी लागू दे, लगेच लगन करून देतो," म्हणाला. आणि योग असा, की त्याच वर्षी एका सरकारी कंपनीच्या क्रीडा अधिकाऱ्याने याला सांगितलं, वर्ध्याच्या निवड स्पर्धेत पहिला ये, तुझा अर्ज मी पुढे सरकवतो. म्हणजे नोकरी आणि संध्या, दोन्ही त्या एका स्पर्धेवर.

"जिंकून येजो," मी म्हटलं.

स्पर्धेचे कप माझ्याच दुकानातले, म्हणून शेवटच्या दिवशी बक्षिसांच्या टेबलापाशी मी बसले होते. शेजारी दादा. शेवटच्या फेरीत जिंकला तर हा एकटाच पहिला. मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण समोरच्याचे कान लाल झालेले दिसत होते. बराच वेळ गेला. मग समोरच्याने काहीतरी पुटपुटत हात पुढे केला आणि याने तो धरला.

हरणारा आधी हात पुढे करतो, एवढं मला पाहून पाहून माहीत होतं. "जिंकला रे दादा," मी म्हटलं. दादाही खूश. "पेढे सांग," म्हणाला.

तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "ड्रॉ झाला."

"कमजोर पडलता का?" दादाने विचारलं.

"नाई. जिंकत होतो. त्याचा हत्ती पडत होता, मले दिसत होतं. तो ड्रॉ म्हणाला, हात पुढं आला, आन् माया हात कधी गेला ते समजलंच नाई."

तिघांचे गुण सारखे झाले आणि बरोबरी मोडायच्या हिशोबात, म्हणजे टायब्रेकमध्ये, हा तिसरा आला. नोकरी पहिल्याला लागली. दादा त्याला एक शब्द वाकडा बोलला नाही. टोपी घातली आणि आंजीची बस पकडली.

मला भयंकर राग आला होता. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी संध्या दुकानात आली. "आत्या, त्यायले सांग, मी थांबाले तयार हाये. बाबाले मी समजावतो." ते ऐकून माझा राग निवळला. मी आनंदाने त्याला निरोप दिला.

काचेच्या कपाटाकडे बघत तो म्हणाला, "काकू, तिले थांबवू नका. आता हात उचलला की मले माया हाताचाच भेव वाटते. पुढच्या वेळीबी तो तसाच जाईन."

"अरे, एकदा चुकलं म्हणून काय झालं?"

"एकदा नाई. इतके वर्ष तेच करून राह्यलो, फक्त तेव्हा त्याचे पैसे भेटत होते."

मी खूप समजावलं. ऐकलं नाही. संध्याचं लग्न दुसरीकडे झालं, सुखात आहे. तो मात्र दुकानात यायचा बंद झाला. काही वर्षांनी कळलं, नागपुरात बुद्धिबळाचे क्लास घेतो. दोन हजार सालानंतर त्या क्लासचं पेवच फुटलं होतं. खेळून वर्षात मिळालं नाही तेवढं तो शिकवून महिन्याला कमवायला लागला, असं त्याच्याच एका जुन्या जोडीदाराने मला सांगितलं. स्वतः खेळणं मात्र त्याने सोडलं होतं.

एकदा वर्ध्यात लहान मुलांची स्पर्धा होती. कप द्यायला गेले, तर एका रांगेतली सात-आठ मुलं दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. मला गंमत वाटली. एका पोरीचा डाव अजून लागायचा होता, तिला विचारलं, "असे काऊन बसता गं?"

"सर सांगतात. समोरचा ड्रॉ म्हणाला की हात लगेच वर यायला नको. आधी विचार करायचा."

कुठले सर, हे विचारायची गरज नव्हती. "सर कुठे आहेत?"

"सर स्पर्धेला येत नाहीत. नागपूरला बसमध्ये बसवून देतात."

काम संपलं होतं, तरी मी तिथेच थांबले. तिचा डाव सुरू झाला. बऱ्याच वेळाने समोरच्या मुलाने हात पुढे केला, "ड्रॉ?" ती हात मांडीखाली ठेवूनच पटाकडे बघत राहिली. मग तिने मानेनेच नाही म्हटलं आणि खेळत राहिली. शेवटी ती हरली. तेव्हा तिने हात मांडीखालून काढले, फ्रॉकला पुसले आणि उजवा हात पुढे केला.