चष्म्यातल्या चुलीवरचं झाकण
खिचडीवरचं झाकण उचललं आणि हिंगाची वाफ तोंडावर आली, की मला नातीच्या सरांचं टक्कल आठवतं. तेव्हा मी पासष्टीची अल्लड पोर, अक्कल यायची होती. इतिहास शिकणाऱ्या नातीनं सुरतेच्या जुन्या बंदराकाठचं एक घर त्या डोळे झाकणाऱ्या जाडजूड चष्म्यात उभं केलं होतं. सरांनी पसंत केलं तरच काम पुढे जाणार होतं. कतारगामच्या घरून मला कॉलेजात नेताना तिनं बजावलं, "आजी, नुसतं बघ, हात लावू नकोस." चष्मा चढवला आणि मी थेट त्या घरात! खिडकीतली गलबतं राहिली बाजूला, मला दिसली पेटलेली चूल आणि वर हंडी. शिजतंय काय? न राहवून झाकण धरलं. गुळगुळीत लागलं, कोमटही. "माजी, आ तो मारुं माथुं छे!" झाकण बोललं. नात रडकुंडीला आली. मी मात्र चष्म्यातूनच विचारलं, "पण हंडीत आहे काय?" सर हसता हसता थांबले आणि नातीकडे वळले, "हां, शुं छे? काय आहे हंडीत?" तिनं भराभर वही चाळली, हंडीचं पान कुठंच नव्हतं. "मग हेच शोध," म्हणत त्यांनी काम मंजूर केलं. अजून ती शोधतेय, आणि नवं काही सापडलं की मला चष्मा चढवते. आता सत्तरी ओलांडल्यावर मला अक्कल आली आहे, झाकणाला हात घालण्याआधी मी विचारते, "सर कुठं उभे आहेत?"