वाणाच्या कुंड्या

रथसप्तमी झाली की आम्ही घर बदलणार होतो. नव्या फ्लॅटला गच्ची नाही, बाल्कनीत ऊन नाही, तेव्हा माझा बागेचा नाद काही वर्षं तरी बंद. नवरा म्हणाला, "देऊन टाक सगळ्या कुंड्या. टेम्पो काय झाडांसाठी ठरवलाय व्हय?" दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं, यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कुंड्याच लुटायच्या.

बायका जाम खूश झाल्या. दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या नेऊन कंटाळल्या होत्या बिचाऱ्या. तोंडात तिळगूळ, काखेत कुंडी, अशी वरातच जिना उतरत होती. गुलाबावरून दोघींची जुंपली तेव्हा तर मला फार बरं वाटलं. आपलं झाड कुणाला इतकं हवं असावं, आणखी काय पाहिजे!

राहिली जाई. मोठ्या पिंपात लावलेली, कठड्यावरून पार खाली उतरलेली. हलवली तर मरणार आणि ठेवली तर पाण्यावाचून मरणार. घरमालक लांब गावी, गारगोटीला, नवे भाडेकरू अजून ठरलेले नाहीत. तिला रोज दोन तांबे पाणी जास्तच घालत होते मी.

सगळ्यात शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. कुंड्यांच्या पाण्यावरून आमचं आठ वर्षांचं भांडण. संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवून "गोड बोला" म्हणायच्या आणि दुसऱ्या सकाळी खालून आवाज, "पाणी गळतंय! आमच्या पापडावर!" त्यांच्यासाठी मी मुद्दाम तुळस राखून ठेवली होती, भांडायला जागाच नको म्हणून.

त्यांनी तुळशीकडे बघितलंही नाही.

"जाई कुणाला दिलीस?"

"कुणाला देणार, काकू? ती उचलायचीच नाही."

"मग ऱ्हाऊ दे की हितंच. गच्चीची किल्ली दे, पाणी मी घालीन. श्रावणात खिडकी उघडली की घरभर वास येतोय, तो काय आता सोडू व्हय?"

मी म्हटलं, "आठ वर्षांत कधी बोलला नाहीत!"

"सांगितलं असतं तर आणखी पाणी वतलं असतंस." तिळगूळ तोंडात टाकत त्या म्हणाल्या, "पण छाटणी मला जमत न्हाय. ती दरवर्षी तू येऊन करायची. कात्री सामानात बांधू नगंस."

बाग संपली, बाग संपली, असं महिनाभर सगळ्यांना सांगत सुटलेली मी, त्यांच्यासमोर रडत आणि हसत म्हणाले, "येते की, काकू."